निवड म्हणजे पोहोचणे नव्हे: ज्युनिअर हॉकीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅनडा आणि अमेरिकेत ‘ज्युनिअर हॉकी’ म्हणजे साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांचे क्लब पातळीवरचे आईस हॉकी. मराठी वाचकाला हॉकी म्हटले की मैदान आठवते आणि ‘ज्युनिअर’ म्हटले की देशाचा कुमार संघ. इथे दोन्ही लागू नाही. हा खेळ बर्फावरचा आहे आणि ज्युनिअर संघ हा एखाद्या शहराचा, बहुधा खासगी मालकीचा, तिकिटे लावून सामने भरवणारा संघ असतो. या खेळाच्या शिखरावर ३२ संघांची नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, आहे. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला, जरा चमकू लागला, की घरात प्रश्न उभा राहतो: व्यावसायिक खेळाडू व्हायचे तर ज्युनिअरची वाट धरावी का? प्रश्न रास्त आहे. मात्र ज्या समजुतींच्या आधारावर त्याचे उत्तर दिले जाते, त्यांतल्या काही अर्धवट आहेत, काही कालबाह्य झाल्या आहेत आणि एक तर साफ चुकीची आहे.

वाट नेमकी कशी आहे

कॅनडात सर्वांत वरच्या पायरीवर कॅनेडियन हॉकी लीग (सीएचएल) आहे. तिच्या छत्राखाली तीन लीग येतात: ओंटारियो हॉकी लीग (ओएचएल), वेस्टर्न हॉकी लीग (डब्ल्यूएचएल) आणि क्वेबेक मेरिटाइम्स ज्युनिअर हॉकी लीग. तिन्ही मिळून सुमारे ६० संघ, त्यांतले काही अमेरिकेतल्या शहरांत. या पायरीला ‘मेजर ज्युनिअर’ म्हणतात. तिच्या खाली प्रांतोप्रांतीच्या ‘ज्युनिअर ए’ लीग आहेत. अमेरिकेत पहिल्या स्तरावर युनायटेड स्टेट्स हॉकी लीग (यूएसएचएल), दुसऱ्यावर नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग आणि तिसऱ्यावर अशा अनेक लीग, जिथे खेळण्यासाठी खेळाडूच्या घरच्यांनाच हंगामाला हजारो डॉलर भरावे लागतात. शिवाय विद्यापीठांचे हॉकी आहे: अमेरिकेत एनसीएए या संघटनेचे आणि कॅनडात यू स्पोर्ट्सचे. ज्युनिअर खेळून पुढे तिकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सर्वांत मोठा गैरसमज: “निवड झाली, आता काळजी नाही”

रिंकच्या बाकांवर आणि कॉफीच्या रांगेत हे वाक्य हमखास ऐकू येते: ‘ओएचएलच्या संघाने उचलला, आता एनएचएल काय, चार वर्षांचा प्रश्न.’ ते इतक्या खात्रीने बोलले जाते की पंधरा वर्षांचा मुलगाही ते खरे धरून चालतो. ते खरे नाही. ते पुन्हापुन्हा खोडून काढावे लागते, कारण या एका वाक्यावर विसंबून शाळा बदलल्या जातात, बचत मोडली जाते आणि विसाव्या वर्षी मूल हातात काहीच नसताना घरी परतते.

आधी ‘निवड’ या शब्दाचा अर्थ पाहावा. मेजर ज्युनिअरच्या लीग चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांचा ड्राफ्ट घेतात, म्हणजे संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. ओएचएलच्या ड्राफ्टमध्ये अनेक वर्षे १५ फेऱ्या होत आल्या आहेत आणि संघ २० आहेत. म्हणजे एका वर्षी सुमारे ३०० नावे पुकारली जातात. नाव पुकारले गेले याचा अर्थ एवढाच, की त्या लीगमध्ये खेळायचे झाले तर त्या मुलावर हक्क कोणत्या संघाचा, हे ठरले. संघात जागा मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही. सोळा वर्षांच्या मुलांसाठी प्रत्येक संघात मोजक्याच जागा असतात. उरलेल्यांना पुन्हा सराव शिबिराला यावे लागते आणि आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांशी झुंजावे लागते. बऱ्याच जणांचा ओएचएलशी संबंध त्या शिबिरापुरताच राहतो.

पुढची गाळणी एनएचएलच्या ड्राफ्टची. त्यात सात फेऱ्या आणि ३२ संघ, म्हणजे वर्षाला २२४ जागा. या जागा एकट्या कॅनडासाठी नाहीत. स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया आणि खुद्द अमेरिकेतली मुले त्याच रांगेत असतात. आणि हा ड्राफ्टही करार नव्हे. संघाला त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो. तो हक्क वापरायचा की नाही, हे संघ ठरवतो. ड्राफ्ट झालेल्यांपैकी पुष्कळ जण एनएचएलचा एकही सामना न खेळता निवृत्त होतात.

ही गणिते कोरडी वाटत असतील, तर एका पिढीचा हिशोब उपलब्ध आहे. जिम पार्सल्स यांनी ओंटारियोत १९७५ साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतला. केन कॅम्पबेल यांच्यासोबत २०१३ मध्ये लिहिलेल्या ‘सेलिंग द ड्रीम’ या पुस्तकात तो आला आहे. त्या वयोगटात हॉकी खेळणारी सुमारे ३०,००० मुले होती. ओएचएलच्या संघांनी त्यांतली २३२ निवडली आणि एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये ४८ नावे आली. त्या ४८ मधलेही सगळे एनएचएलच्या बर्फावर उतरले नाहीत. ज्या घरात ओएचएलची निवड साजरी होते, तिथे या आकड्यांमधला २३२ हा टप्पा गाठलेला असतो, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

निवडीवर भिस्त ठेवू नये याचे दुसरे कारण निवड करणाऱ्यांच्या नजरेत आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांदे, उंची आणि वेग यांचा ढळढळीत फरक. जो आधी वाढला तो हुशार ठरतो, त्याला चांगला संघ आणि चांगला प्रशिक्षक मिळतो आणि तो खरोखरच पुढे जातो. कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हा कल आकडेवारीने दाखवला. पुढे रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००६ दरम्यान ड्राफ्ट झालेल्या कॅनेडियन खेळाडूंचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जानेवारी ते मार्च या काळात जन्मलेले खेळाडू निवडलेल्यांत ३६ टक्के होते, पण सगळ्यांनी मिळून खेळलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा २८ टक्केच निघाला. जुलै ते डिसेंबर या काळात जन्मलेले निवडलेल्यांत ३४ टक्के, पण सामन्यांत ४२ टक्के. म्हणजे निवड करणारे अनुभवी लोकही वाढीला गुणवत्ता समजण्याची चूक वर्षानुवर्षे करत आले. ज्याला पंधराव्या वर्षी डावलले त्याने हे ऐकून धीर धरावा, आणि ज्याला उचलले त्याच्या घरच्यांनी सावध व्हावे.

अगदी वरच्या टोकालाही हमी नसते. पंधराव्या वर्षीच मेजर ज्युनिअर खेळण्याची खास परवानगी फार थोड्यांना मिळते. २००५ मध्ये जॉन टॅव्हारेस, २०१२ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड, २०२० मध्ये कॉनर बेडार्ड यांना ती मिळाली आणि तिघेही पुढे एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. या तिघांची नावे सगळ्यांना पाठ असतात. २०१३ मध्ये तीच परवानगी मिळालेल्या शॉन डे यांचे नाव क्वचितच निघते. त्यांचा ड्राफ्ट २०१६ मध्ये ८१ व्या क्रमांकावर झाला आणि एनएचएलमध्ये त्यांच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतकेच सामने आले.

उलट बाजूही तितकीच खरी. ब्रिटिश कोलंबियातल्या सरी शहराचा अर्शदीप बेन्स हा पंजाबी घरातला खेळाडू एनएचएलच्या कोणत्याही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. २०२१–२२ या ज्युनिअरच्या अखेरच्या हंगामात रेड डिअरच्या संघाकडून तो डब्ल्यूएचएलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला, मग एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने त्याच्याशी करार केला आणि २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. स्पोकेनचा डेरेक रायन तर डिसेंबरअखेरचा जन्म असलेला. त्यानेही ड्राफ्टविनाच ज्युनिअर संपवले, अल्बर्टा विद्यापीठात शिकत चार वर्षे खेळला, युरोपात नाव काढले आणि २०१६ मध्ये २९ व्या वर्षी एनएचएलमधला पहिला सामना खेळला.

तात्पर्य, मेजर ज्युनिअरमधली निवड ही खेळण्याची एक संधी आहे आणि तिची मुदत २० व्या वर्षी संपते. २० वर्षांचे फक्त तीन खेळाडू ठेवण्याची मुभा प्रत्येक संघाला असते. साठ संघ धरले तर साऱ्या सीएचएलमध्ये अशा सुमारे १८० जागा. एकोणीस वर्षांच्या मुलांची गर्दी त्याहून किती तरी मोठी. त्यामुळे चांगले खेळणाऱ्या मुलांनाही शेवटच्या वर्षी वाट सोडावी लागते.

“मेजर ज्युनिअर खेळला की अमेरिकन कॉलेजचे दार बंद”

हे कालपरवापर्यंत खरे होते, म्हणूनच ते अजून तोंडोतोंडी आहे. सीएचएलमध्ये एनएचएलशी करार केलेले काही खेळाडू खेळतात आणि तिथे भत्ताही मिळतो. या कारणांमुळे एनसीएए सीएचएलला व्यावसायिक लीग मानत असे आणि तिथे खेळलेल्या मुलाची पात्रता जात असे. सोळाव्या वर्षी दोहोंपैकी एकच वाट धरायची, असा तो पेच होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या परिषदेने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडू पात्र ठरू लागले. लगेचच, सीएचएलचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅटचा संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. एनएचएलशी करार केलेल्याला मात्र कॉलेजचा रस्ता आजही बंद आहे.

या बदलाचा अर्थ उथळपणे लावू नये. सोळाव्या वर्षीचा पेच सुटला, पण कॉलेजमधल्या जागा वाढल्या नाहीत. पहिल्या श्रेणीतले पुरुषांचे संघ साठहून थोडे अधिक आहेत. पूर्वी या जागा मुख्यतः यूएसएचएल आणि ज्युनिअर ए मधल्या मुलांना मिळत. आता त्याच जागांवर मेजर ज्युनिअरचे वीस वर्षांचे तयार खेळाडूही हक्क सांगतात. ज्युनिअर ए मधून थेट कॉलेज गाठू पाहणाऱ्याची स्पर्धा त्यामुळे कडक झाली आहे.

“मेजर ज्युनिअरशिवाय एनएचएल नाही”

एनएचएलला खेळाडू पुरवणारा सर्वांत मोठा एकच स्रोत सीएचएल आहे, हे खरे. त्यावरून तो एकमेव ठरत नाही. एनएचएलमधले सुमारे एकतृतीयांश खेळाडू कॉलेजमधून आलेले असतात. केल मकार अल्बर्टातल्या ब्रूक्स गावाच्या ज्युनिअर ए संघात आणि मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात खेळला. २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२२ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी आणि एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनले कपही जिंकला. गोलरक्षक कॉनर हेलेबक टेक्सासमधल्या ओडेसा या तेलाच्या गावात, अमेरिकेच्या दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळत होता. २०१२ मध्ये १३० व्या क्रमांकावर त्याचा ड्राफ्ट झाला, मग तो कॉलेजात गेला, आणि २०२५ मध्ये एनएचएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. ऑस्टन मॅथ्यूजने ड्राफ्टच्या वर्षी ज्युनिअर आणि कॉलेज दोन्ही टाळून झुरिकच्या व्यावसायिक संघात हंगाम काढला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

फरक वाटेच्या स्वरूपात आहे. ओएचएल आणि डब्ल्यूएचएल यांच्या साखळी हंगामात ६८ सामने असतात, म्हणजे वेळापत्रक व्यावसायिकासारखे. कॉलेजमध्ये सामने त्याच्या जवळपास निम्मे, तेही बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी. आठवडा सराव, व्यायाम आणि वर्ग यांसाठी मोकळा राहतो. सोळाव्या वर्षीच अंगाने भरलेल्या, सामन्यांतून शिकणाऱ्या मुलाला पहिली वाट मानवते. उशिरा वाढणाऱ्या, ताकद कमवायला वेळ हव्या असलेल्या मुलाला दुसरी.

प्रिन्स जॉर्ज या शहराचा संघ पाहिला की ६८ सामने म्हणजे काय, हे कळते. डब्ल्यूएचएलमधला त्याचा सर्वांत जवळचा शेजारी कॅम्लूप्स, आणि तोही पाचशे किलोमीटरहून लांब. सामना संपतो, ओली किट बॅगांत कोंबली जाते, बस रात्रीच निघते. खिडकीबाहेर अंधार आणि बर्फ, मांडीवर गणिताचे पुस्तक, डोळ्यांवर झोप. मुक्काम ज्यांच्याकडे, त्या ‘बिलेट’ कुटुंबाच्या दारात पोहोचेपर्यंत उजाडलेले असते. सतरा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांपासून दूर राहून हे पेलेल का, हा खेळाइतकाच मोठा प्रश्न आहे. त्यातच जानेवारीतल्या मुदतीच्या आत संघ खेळाडूची अदलाबदल करू शकतो. मग ऐन शैक्षणिक वर्षात गाव, शाळा आणि यजमान कुटुंब, सगळेच बदलते.

“शिक्षणाचा खर्च तरी सुटतोच”

सुटू शकतो, आपोआप सुटत नाही. सीएचएलच्या शिष्यवृत्तीचे साधे सूत्र असे: लीगमध्ये जितके हंगाम खेळला, तितक्या वर्षांचे उच्च शिक्षणाचे शुल्क आणि पुस्तके. डब्ल्यूएचएलने ही योजना १९९३ मध्ये सुरू केली. ही तरतूद मोलाची आहे आणि तिच्या बळावर पुष्कळ मुले कॅनडातल्या विद्यापीठांत शिकून बाहेर पडली आहेत. पण तिला मुदत असते. ज्युनिअर संपल्यावर ठरलेल्या काळात प्रवेश घेतला नाही तर ती जाते आणि एनएचएलचा करार केला तरी सामान्यतः जाते. कुठेतरी छोट्या व्यावसायिक लीगमध्ये दोन-तीन वर्षे नशीब अजमावू आणि मग कॉलेजचे बघू, असा बेत केलेल्यांचे नुकसान इथेच होते. करारावर सही करण्याआधी मुदतीचे कलम शब्दशः वाचावे.

पगाराची अपेक्षा ठेवूच नये. लीग या खेळाडूंना कर्मचारी मानत नाहीत. राहणे, जेवण, साहित्य आणि किरकोळ भत्ता एवढेच मिळते. किमान वेतनासाठी २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी सामूहिक दावा लावला आणि २०२० मध्ये तीन कोटी कॅनेडियन डॉलरची तडजोड जाहीर झाली. दरम्यान ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियासह अनेक प्रांतांनी या खेळाडूंना किमान वेतनाच्या नियमांतून वगळले.

इतर समजुती, थोडक्यात

“ज्युनिअर म्हणजे ज्युनिअर, सगळे सारखेच.” यूएसएचएलमध्ये खेळायला पैसे लागत नाहीत, तिसऱ्या स्तरावर हजारो डॉलर लागतात, नाव एक असले तरी दर्जा आणि खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

“अठराव्या वर्षी ड्राफ्ट झाला नाही, संपले.” मार्टिन सेंट लुई आणि मार्क जिऑर्डानो हे दोघेही ड्राफ्टविना एनएचएलमध्ये आले; पहिल्याने २००४ मध्ये सर्वांत मौल्यवान खेळाडूचा आणि दुसऱ्याने २०१९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला.

“उंच-धिप्पाड नसेल तर उपयोग नाही.” सेंट लुईची नोंदलेली उंची पाच फूट आठ इंच होती.

“लहानपणापासून बारा महिने हॉकीच हवे.” अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला, की एकाच खेळात झोकून देणे शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, दुखापती आणि कंटाळा दोन्ही कमी होतात.

“अभ्यासाचे नंतर बघू.” एनसीएएच्या पहिल्या श्रेणीसाठी शाळेतले १६ मूलभूत विषय आणि त्यांत किमान २.३ ची ग्रेड-सरासरी (जीपीए) लागते. बारावीला आल्यावर हे भरून काढता येत नाही.

“व्यावसायिक म्हणजे एनएचएलच.” अमेरिकन हॉकी लीग, ईसीएचएल आणि स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी इथल्या लीगमध्ये खेळून पोट भरणारे खेळाडू एनएचएलमधल्यांपेक्षा जास्त आहेत.

“मुलींचीही हीच वाट.” मुलींसाठी मेजर ज्युनिअर नाही. १ जानेवारी २०२४ पासून सामने सुरू झालेल्या व्यावसायिक महिला लीगकडे, म्हणजे पीडब्ल्यूएचएलकडे, जाण्याचा मुख्य मार्ग विद्यापीठांतून जातो.

निर्णय कशावर घ्यावा

लीगचे नाव आणि ड्राफ्टचा क्रमांक यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे त्यांचे नाही. सर्वांत आधी पाहावे ते प्रत्यक्ष बर्फावर मिळणाऱ्या वेळेकडे. वरच्या संघात बाकावर बसण्यापेक्षा एक पायरी खाली रोज खेळणे विकासाच्या दृष्टीने बहुधा जास्त फळते. यासाठी संघाची यादी घेऊन पेन्सिलीने खुणा कराव्यात. मुलगा बचावपटू असेल तर यादीतले बचावपटू किती, त्यांची जन्मवर्षे कोणती, पुढच्या हंगामात वयोमर्यादेमुळे जाणारे किती आणि राहणारे किती, हे मोजावे. एका सामन्यात साधारण सहा बचावपटू उतरतात. राहणारेच सहा असतील आणि वर दोन निवडून ठेवलेले असतील, तर प्रशिक्षकाने काहीही सांगितले तरी जागा नाही.

त्यानंतर पाहावे ते मुलाच्या वाढीकडे. जन्ममहिना, उंची अजून वाढते आहे की थांबली आहे आणि गेल्या दोन वर्षांत त्याने समवयस्कांना मागे टाकले की समवयस्क त्याला गाठत आहेत, यांवरून घाई करावी की थांबावे हे कळते. गोलरक्षक तर बहुधा उशिराच पिकतात; त्यांच्या बाबतीत सोळाव्या वर्षीचा निकाल फारसा मनावर घेऊ नये.

तिसरी बाब शाळेची. संघाचा शिक्षण सल्लागार कोण, गेल्या काही वर्षांत त्या संघातून गेलेली मुले आज कुठे शिकतात किंवा खेळतात, यजमान कुटुंबांची निवड कोण करतो, हे प्रश्न पालकांनी थेट विचारावेत. चांगला संघ त्यांची उत्तरे नावानिशी देतो.

शेवटी हिशोब विसाव्या वर्षाचा मांडावा. एनएचएलचा करार झाला नाही असे गृहीत धरून, त्या दिवशी मुलाच्या हातात काय उरेल हे लिहून काढावे: शिष्यवृत्तीची किती वर्षे, शाळेचे कोणते गुण, कोणत्या विद्यापीठाचे दार, शरीराची काय अवस्था आणि खेळाची किती गोडी. ही यादी भरलेली दिसत असेल, तर ज्युनिअरची वाट योग्य आहे, मग शेवटी एनएचएल मिळो वा न मिळो. यादी कोरी राहत असेल, तर ड्राफ्टच्या कोणत्याही फेरीत नाव आलेले असले तरी त्या संघाला नकार द्यावा.